मदत हवी आहे: 'सर्वप्रथम काय कराल?' – आधी तपासायचं की आधी हात चालवायचा?

जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, सोबत एम्सच्या नॉर्सेटची (नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेची) तयारी चालू आहे. नॉर्मल व्हॅल्यूज, डोस पाठ होतात. घोडं अडतं ते 'परिचारिका सर्वप्रथम काय करेल?' इथे. चारही पर्याय करायचेच असतात, विचारलेला असतो फक्त क्रम. क्लासचे सर म्हणतात, "असेसमेंट (रुग्णाला तपासणं) आधी, डोळे झाकून." पण ते सगळीकडे लागू पडत नाही.

रक्त चढवायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात रुग्णाला हुडहुडी भरली, कंबर दुखू लागली. सरांच्या नियमाने टीपीआर-बीपी (ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब) आधी. उत्तरसूचीत मात्र 'रक्त बंद करणे'. बाळंतिणीचं पॅड भिजलंय, गर्भाशय मऊ लागतंय, तिथे उत्तर मसाज. मग डायबेटिसचा रुग्ण घामाघूम होऊन थरथरत असेल तर साखर आधी की ग्लुकोमीटर? वॉर्डात काम केलेल्या कुणी सांगाल का, हे ओळखायचं कशावरून?

उत्तर:
मी वॉर्ड इनचार्ज आहे. सरांचा नियम चुकीचा नाही, पण तुझ्या पहिल्या दोन प्रश्नांत असेसमेंट आधीच करून दिलंय. रक्त चालू असताना हुडहुडी आणि कंबरदुखी म्हटल्यावर अजून काय शोधायचंय? बीपी मोजेपर्यंत रक्त आत जातच राहणार. क्लॅम्प बंद कर, पण शिरेतली सुई काढू नको. नवीन सेट लावून नॉर्मल सलाईन चालू ठेव. मग टीपीआर-बीपी, डॉक्टर, आणि पिशवीवरचं नाव, नंबर, रक्तगट पुन्हा ताडून बघणं. पिशवी आणि सेट कचऱ्यात टाकू नको, ब्लड बँकेत जातात. (नवीन मुली नेमकं हेच विसरतात.)

'मऊ' लिहिलंय म्हणजे पोटाला हात लावून झालाय, मसाज सुरू कर. गर्भाशय घट्ट आहे, पण नाभीच्या वर आणि उजवीकडे सरकलंय असं दिलं असेल, तर मूत्राशय भरलेलं असतं. आधी लघवी करायला लाव.

साखरेच्या प्रश्नात यंत्र हाताशी असेल तर आधी बोट टोच, त्याला कितीसा वेळ लागतो? साखर 70 mg/dL च्या खाली आली आणि रुग्ण नीट गिळू शकतोय, तर 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दे. 15 मिनिटांनी परत तपास. यंत्र नसेल तर शोधत बसू नको, साखर दे. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज लागतं.

'डॉक्टरांना कळवणे' हा पर्याय दिसला की सावध हो. तुझ्या हातात करण्यासारखं काही उरलेलं असेल, तर बहुतेक वेळा ते उत्तर नसतं.

प्रश्नकर्ती:
खूप आभार, मॅडम! मग बेडवरून पडलेला रुग्ण? त्याला आधी उचलून बेडवर घ्यायचं ना?

उत्तर:
अजिबात नाही. नातेवाईक धरून उठवायला लागतात, त्यांनाही थांबव. इथे प्रश्नात फक्त 'पडला' एवढंच दिलंय, लागलंय कुठे ते नाही. जमिनीवरच शुद्ध, डोकं, मान, कंबर बघ, पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का ते बघ, मग हलवायचं कसं ते ठरव.