अनुभव धागा: सीमाभागातली थंडी, बंद दारं आणि धुकं

परवा गल्लीच्या ग्रुपवर एक निरोप फिरला. आर्क्टिकची थंडी बेळगावात शिरायलीय, पृथ्वी सूर्यापासून लांब गेलीय, तीन दिवस दारं-खिडक्या उघडू नका. आमच्या आईनं वाचला आणि पांघरुणावर आणखी एक वाकळ टाकली. आता पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते तीच मुळी जानेवारीच्या सुरुवातीला, लांब जाते जुलैत. पण आईला हे कोण सांगणार!

ध्रुवाकडची हवा हिमालय ओलांडून आपल्या चव्हाट गल्लीत येत नाही. आपला गारठा वेगळा. उत्तरेत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडनं येणारे पाऊस-बर्फाचे पट्टे, पुढं सरकले की मागून कोरडे वारे खाली उतरतात. आभाळ निरभ्र राहतं आणि समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरची आपली जमीन रात्रभर ऊब सोडत बसते. तिकडं बंगालच्या उपसागरात काही शिजलं की इथं ढग येतात आणि थंडी गायब. हवामान खात्याच्या हिशेबानं सपाट प्रदेशात पारा १० अंशांवर किंवा खाली आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश उतरला, तर थंडीची लाट. आपल्याकडं तेवढं क्वचित होतं. तरी दर हिवाळ्यात माणसं दगावतात. मला त्या निरोपातलं ‘दारं उघडू नका’ हेच जास्त खटकलं. थंडीत तुमच्यावर काय बेतलं ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं किंवा घरातलं.

दूधवाला, संकेश्वरजवळ

पहाटे साडेचारला दूध गोळा करून मोटरसायकलवरनं संकेश्वरात आणतो. हिरण्यकेशीच्या काठानं सगळा ऊस. त्या उसात धुकं साठतं ते सूर्य कासराभर वर आल्याशिवाय हलत नाही. मोठा लाईट टाकला की समोर पांढरी भिंत उभी राहते, म्हणून मी डिप्परवरच चालवतो. त्या दिवशी पण तसाच निघालो होतो.

आधी वास आला. तोडलेल्या उसाचा, गोडसर. वास कुठनं यायलाय म्हणून मान वर केली आणि उसाची टोकं तोंडावरच आली. पंक्चर झालेली डबल ट्रॉली रस्त्यातच उभी. मागं लाईट नाही, रेडियमची पट्टी नाही. खूण म्हणून करंजाची एक फांदी टाकलेली, ती पण ट्रॉलीपासनं चार हातांवर. मी पडलो. चाळीस लिटरचे दोन्ही कॅन उपडे झाले. हनुवटी फाटली होती, पण मला आठवतं ते वेगळंच. दूध अजून कोमट होतं, डांबरावरनं वाहत गेलं आणि त्यातनं वाफा निघत होत्या. ट्रॅक्टरचं पोरगं वीस वर्षांचं असेल. थरथरत उतरलं, स्वतःच्या कानाची मफलर सोडून माझ्या हनुवटीला बांधली आणि म्हणालं, “अण्णा, कारखान्यात नंबर लागंना, दोन रात्री झोपलो नाही.” त्याला काय बोलणार? सहा टाके पडले. दुधाचे पैसे माझ्याच अंगावर.

हुक्केरीकर

अण्णा, ट्रॉलीवाल्यांना पट्टी लावायला सांगून उपयोग नाही, आपणच लावायची. आमच्या गावात पोरं हंगामाच्या सुरुवातीला रेडियमचा रोल घेऊन रस्त्यावर उभी राहतात आणि येईल त्या ट्रॉलीला मागं चिकटवतात. ड्रायव्हर शिव्या देतात, पण काढत नाहीत.

टिळकवाडीतली भाडेकरू

बंद दारांचा विषय निघालाच आहे तर लिहिते. धाकट्याच्या वेळी बाळंतीण होते. सासूबाई खानापूरकडच्या, त्यांच्या माहेरी बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत. तिथं ठीक होतं. कौलारू घर, वाऱ्याला शंभर फटी. आम्ही राहत होतो स्लॅबच्या खोलीत, आणि वारं लागू नये म्हणून त्यांनी खिडकीच्या फटीत जुनी लुगडी कोंबलेली. रात्री माझं डोकं ठणकायला लागलं. वाटलं, जागरणानं असेल. मग मळमळ. बाळ रडायचं थांबलं तेव्हा मला बरंच वाटलं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

मिस्टर रात्रपाळीहून लवकर आले म्हणून वाचलो. दार उघडल्याउघडल्या त्यांना कोंदट वाटलं आणि त्यांनी आधी बाळाला उचलून जिन्यात नेलं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त चिकटतो. हे मला दवाखान्यात कळलं. धूर दिसत नव्हता, कोळसे छान लाल फुलले होते, म्हणून सासूबाईंना त्यात काही वावगं वाटलंच नाही. त्यांना मी कधी बोल लावला नाही. त्यांनीच पुढं शेगडी भंगारात घातली. बाथरूममध्ये गॅस गीझर असणाऱ्यांनी पण खिडकीची काच काढून ठेवा, तिथंही तोच वायू.

शहापूरची आजी (नातवाकडून टाइप करून घेतलेलं)

आर्क्टिकची खरी थंडी मी टेक्सासात बघितली. २०२१ चा फेब्रुवारी, लेकीकडं डल्लासला होते. तिथला हिवाळा फार कडक नसतो असं वाटलेलं, म्हणून एकच स्वेटर नेलेला. त्या आठवड्यात पारा शून्याखाली १९ वर गेला. जावईबापू म्हणाले, ध्रुवावर जो थंड हवेचा भोवरा फिरत असतो तो यंदा ढिला पडलाय, त्याचा लोळ खाली घसरलाय. बरं, घसरला. पण वीजच गेली! त्या राज्याची वीज बाकीच्या देशाशी नीट जोडलेलीच नाही म्हणे, लाखो घरं अंधारात. छतातला नळ फुटला आणि पाणी गालिच्यावर. आम्ही पाचजण एका खोलीत, माझ्या अंगावर दोन साड्या एकावर एक.

शेजारचा माणूस भला होता. गॅरेजमध्ये गाडी सुरू करून बसूया, हीटर चालेल, म्हणून बोलवायला आला. लेक जाणार होती. जावयांनी अडवलं, गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी चालवायची नाही म्हणाले. त्या आठवड्यात तिकडं अशानं खरंच माणसं गेली, कोणी गाडीत, कोणी घरात आणलेल्या कोळशाच्या शेगडीनं. वरच्या बाईचं वाचून तेच आठवलं. एवढा श्रीमंत देश, आणि चूक आमच्या शहापुरातल्यासारखीच.

निवृत्त सुभेदार, खानापूर तालुका

आजींचं बरोबर आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, त्यातला एक हिवाळा द्रासला. उणे २५ म्हणजे काय ते सांगून कळत नाही. दाढीचं पाणी गरम करून मगात ओतायचं, गाल साबणानं माखेपर्यंत वर साय धरलेली असायची. उघड्या हातानं रायफलला हात लावायचा नाही, कातडं चिकटून येतं.

आमच्या बंकरमध्ये रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब द्यायची शेगडी, असायची. हुकूम होता, झोपताना विझवायची आणि झरोका उघडा ठेवायचा. नवीन पोरं रात्री गुपचूप झरोक्यात मोजा कोंबायची. मी दोन वेळा उठून बघायचो आणि मोजा काढून त्याच पोराच्या उशाला ठेवायचो. सकाळी तो काही बोलायचा नाही, मी पण नाही.

एका पोराची बोटं पांढरी पडली होती. दुसरा मदत म्हणून बर्फानं चोळायला लागला. तसं करू नये, आगीवर पण धरू नये. कातडं बधिर असतं, भाजलेलं कळत नाही. कोमट पाण्यात बोटं बुडवून ठेवायची. जाग यायला लागली की माणूस किंचाळतो, तो किंचाळला की आपल्याला हायसं वाटतं. बोटं वाचली त्याची.

आता गावी आलोय. इथं लोक १२ अंशाला कानटोपी घालून ‘मेलो’ म्हणतात. हसू येतं, पण मी पण घालतो.

अथणीचा बागायतदार

आमची माणसं सुखरूप आहेत, माल नाही. ऑक्टोबरात छाटणी, जानेवारीत मणी फुगायच्या वेळेला रात्र थंड पडली की द्राक्ष जागच्या जागी थांबतं. साखर भरायची पण रेंगाळते. दुपारी कडक ऊन आणि पहाटे गारठा असं झालं की मण्याला तडे. म्हणून पहाटे तीनला उठून ड्रिप सोडतो, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतो. धूर बागेवर पसरला की जमिनीची ऊब वर निसटत नाही, असं आमचे वडील म्हणत. शेजारचा कानडी गडी रोज हाक मारतो, “थंडी भाळ ऐत्री!” म्हणजे थंडी लई आहे हो. मी म्हणतो, “ऐत्री.” एवढंच आमचं बोलणं, पण दोघंही जागे आहोत हे कळतं. दहा वाजेपर्यंत दोघांचे डोळे तांबडे.

निपाणीकर

सगळे थंडीला शिव्या द्यायलेत म्हणून आमची बाजू मांडतो. तंबाखूचा पाला वाळला की कडक होतो, हात लावला की चुरा. पहाटे दव पडून तो मऊ पडतो, तेवढ्या दोन तासांत उलटापालट करून गोळा करायचा. थंडी नसली तर दव नाही, आणि दव नसलं तर आमचा धंदा नाही. बायका चार वाजता शेतात येतात, बोटं आखडलेली, मधोमध शेकोटी, आणि सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, सूर्य लवकर उगवू नये.

गेले दोन दिवस ढग आहेत. पाला वाजायलाय नुसता. कुणाच्या ग्रुपवर ती आर्क्टिकची थंडी आली असेल तर इकडं पाठवा.