मदत हवी आहे: क्वालिटीतलं काम वरपर्यंत पोचवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

चाकणमधल्या एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून लागले, नोकरी सांभाळून डिग्री पूर्ण केली. लाइन इन्स्पेक्शनपासून सुरुवात झाली, आता कस्टमर कम्प्लेंट आणि ८डी (तक्रारीचं मूळ कारण शोधून उपाय करायची आठ पायऱ्यांची पद्धत आणि तिचा रिपोर्ट) माझ्याकडे असतात.

यंदा रेटिंग चांगलं मिळालं, पण डेप्युटी मॅनेजरच्या जागेसाठी माझं नाव पुढे गेलं नाही. साहेबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "कामाबद्दल शंकाच नाही. पण प्लँट हेडना तुमचं नाव माहीत नाही. व्हिजिबिलिटी वाढवा, स्वतःचा ब्रँड तयार करा." साहेब मनाने चांगले आहेत आणि त्यांचं म्हणणं मला पटलंही. पण म्हणजे नेमकं करायचं काय, यावर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

प्रॉडक्शनचा आकडा रोज बोर्डावर लागतो. आज इतके पार्ट निघाले, टार्गेट इतकं होतं, कोणालाही दिसतं. क्वालिटीत तक्रार आली तरच आमचं नाव निघतं. सकाळच्या मीटिंगचा पहिला प्रश्न असतो, "क्वालिटी काय करत होती?" तक्रार आली नाही तर तो सगळ्यांसाठी साधा दिवस. जे घडलंच नाही ते कोणाला कसं दाखवणार?

एक उदाहरण देते. एका पार्टमध्ये बुश (आत बसणारी छोटी नळी) उलटं बसून माल ग्राहकाकडे गेला. तिकडे सॉर्टिंग (चांगले-खराब पार्ट निवडून वेगळे करणं) लावावं लागलं, डेबिट नोट (ग्राहकाने आमच्याकडून वसूल केलेला खर्च) आली. ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं असं लिहून ८डी बंद करायचं ठरत होतं. मी लाइनवर उभी राहून पाहिलं तर फिक्स्चरमध्ये (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात) बुश दोन्ही बाजूंनी बसत होतं. दमलेला माणूस शिफ्टच्या शेवटी कधीतरी उलटं बसवणारच, त्याला ट्रेनिंग देऊन काय होणार? टूलरूममधल्या काकांच्या मागे लागून फिक्स्चरमध्ये एक पिन बसवून घेतली, आता उलटं बुश आत जातच नाही. तशीच पिन शेजारच्या दोन लाइनवरही लावली. तक्रार परत आली नाही. महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये हे काम प्रॉडक्शन मॅनेजरांच्या स्लाइडवर आलं, त्यात माझंही नाव नव्हतं आणि टूलरूमच्या काकांचंही नव्हतं. त्यांचं नाव नव्हतं याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता प्रश्न:

१. रिव्ह्यू इंग्रजीत चालतो. लिहिलेलं मला सगळं कळतं, ईमेलही नीट लिहिते. पण भर मीटिंगमध्ये वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. यावर कोणी काही केलं आहे का?

२. आमचा एक सहकारी लिंक्डइनवर नियमित लिहितो आणि त्याचा त्याला फायदा झालेला दिसतो. मी लिहावं का? प्लँटमधलं काय लिहिलेलं चालतं?

३. घरी आम्हाला शिकवण होती की स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये. ती शिकवण मला आजही योग्य वाटते. ती न मोडता हे जमेल का?

"नोकरी बदला" हा सल्ला कृपया नको. मुलगा दहावीत आहे आणि मला इथलं काम मनापासून आवडतं.

प्रतिसाद

ताई, मी एका प्लँटमध्ये क्वालिटी हेड होतो, आता निवृत्त आहे. तुमचं उत्तर तुमच्या ८डीमध्येच आहे. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये ही पद्धत मॅन्युअलच्या रूपात आणली. शेवटची पायरी, डी८, कशासाठी आहे? टीमचं आणि त्यातल्या माणसांचं योगदान नोंदवून त्यांचं अभिनंदन करण्यासाठी. आपल्याकडे तिथे "क्लोज्ड" लिहून सही मारतात. तुम्ही ती पायरी पूर्ण लिहा: कारण कोणी शोधलं, पिन कोणी बनवली, कुठे कुठे लावली. टूलरूमच्या काकांचं नाव आधी, मग तुमचं. हे कौतुक नव्हे, रेकॉर्ड आहे. बंद झालेला ८डी प्लँट हेडना कॉपीत ठेवून पाठवा, पण आधी साहेबांच्या कानावर घाला. त्यांना डावललं असं वाटता कामा नये.

दुसरं म्हणजे रुपयांत बोला. पीपीएम (दहा लाख पार्टमागे खराब किती) २० ने कमी झाला, हे क्वालिटीवाल्याला कळतं. प्लँट हेडना सांगायचं ते हे: मागच्या तक्रारीत सॉर्टिंग एजन्सीचं बिल किती आलं, डेबिट नोट किती, रीवर्कची मजुरी किती, तातडीने माल पाठवायचं भाडं किती. अकाउंट्सकडे हे सगळं असतं. ते मिळवून "पिन बसवण्याचा खर्च इतका, मागच्या तक्रारीचा खर्च इतका" अशी एक ओळ लिहा. जे घडलं नाही ते असं दाखवता येतं. त्यासाठी जुन्या तक्रारीचा हिशोब आधी जपून ठेवलेला हवा.

प्रतिसाद

मी एचआरमध्ये आहे. लिंक्डइनबद्दल जपून. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डमध्ये ग्राहकाच्या, विशेषतः डेव्हलपमेंटमधल्या, पार्टची माहिती गोपनीय ठेवण्याची वेगळी अट आहे (८.१.२). त्यामुळे ड्रॉइंग, पार्टचा किंवा लाइनचा फोटो, ग्राहकाचं नाव, रिजेक्शनचा आकडा यातलं काहीही टाकू नका. पद्धतीवर मात्र खुशाल लिहा. "ऑपरेटरची चूक" हे मूळ कारण म्हणून का स्वीकारू नये, हे तुम्ही वर एका परिच्छेदात सांगितलंत, तसंच लिहा. त्याआधी कंपनीची सोशल मीडिया पॉलिसी वाचून घ्या.

पण खरं सांगायचं तर तुमच्यासाठी ते दुय्यम आहे. जागा देणारी माणसं लिंक्डइनवर नाहीत, तुमच्याच प्लँटमध्ये आहेत. प्रमोशनच्या चर्चेत साहेब एकटे नसतात. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, पर्चेस यातलं कोणी "हो, त्यांनी आमचं अमुक सोडवलं" म्हणालं तर फार फरक पडतो.

प्रतिसाद

इंग्रजीबद्दल: मीटिंगच्या आदल्या दिवशी तुमचा मुद्दा एका पानात मेल करा. मग मीटिंगमध्ये नव्याने मांडावं लागत नाही, "कालच्या मेलमधला तक्ता बघा" एवढं म्हणून सुरू करता येतं. आणि सुरुवातीलाच बोला, शेवटी वेळ उरत नाही.

क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडियाचाही विचार करा. १९८२ पासूनची संस्था आहे, पुण्यात चॅप्टर आहे. अधिवेशनात टीम केस स्टडी मांडतात, मी मराठीत मांडलेल्याही ऐकल्या आहेत. तुमची पिन ही तिथली केस आहे. कंपनीतर्फे टीम पाठवायची तर प्लँट हेडची मंजुरी लागेल, म्हणजे त्यांना तुमची केस वाचावीच लागेल.

मूळ धागाकर्ती

सर्वांचे आभार. डी८ मीही आजवर "क्लोज्ड" लिहिलेलाच पाहत आले. अकाउंट्समधल्या मॅडमना डेबिट नोटचे आकडे मागितले आहेत, उद्या देते म्हणाल्या. टूलरूमच्या काकांना अधिवेशनाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "मी स्टेजवर बोलणार नाही, पण फिक्स्चर घेऊन येतो."

एक शंका राहिली. ८डी ग्राहकालाही जातो. मग डी८ मध्ये आतल्या माणसांची नावं ग्राहकाच्या प्रतीत ठेवायची, की फक्त आपल्या प्रतीत? क्वालिटी हेड काका, तुमच्याकडे काय करायचे?