डॉक्टरांऐवजी फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरकडे नाव नोंदवावे का? (ऑस्टिन, टेक्सास)

राउंडरॉककर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी, पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून ऑस्टिनजवळच्या राउंड रॉक येथे राहायला आलो. मला चार वर्षांपासून मधुमेह आहे. येताना व्हिल्डाग्लिप्टिन आणि मेटफॉर्मिन यांच्या एकत्रित गोळ्या सहा महिन्यांच्या आणल्या होत्या. त्यांपैकी पंधरा-पंधराच्या चार पट्ट्या आता डब्यात उरल्या आहेत, म्हणजे सकाळ-संध्याकाळ एक या हिशेबाने बरोबर एक महिना.

विमा कंपनीच्या यादीतील सात दवाखान्यांना फोन केले. पाच ठिकाणी डॉक्टर नवे रुग्ण घेत नाहीत आणि उरलेल्या दोन ठिकाणी पहिली भेट थेट मे महिन्यात मिळते आहे. त्यांतल्याच एका दवाखान्यात सांगण्यात आले की, तेथील फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरकडे पुढच्या आठवड्यातच वेळ आहे आणि आम्हा तिघांचेही नाव त्यांच्याकडे कायमचे नोंदवता येईल. माझ्या आईला फोनवर हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अरे, सिस्टर इंजेक्शन देते, गोळ्या डॉक्टर ठरवतात." मला कोणाच्याही व्यवसायाचा अनादर करायचा नाही, परंतु माझ्या मनातही तीच शंका आहे. मधुमेहासारख्या कायमच्या दुखण्यासाठी त्यांच्यावर विसंबावे का, आणि निवड करताना नेमके काय तपासून पाहावे?

सिएटलची_परिचारिका

नमस्कार दादा. मी स्वतः वॉशिंग्टन राज्यात फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर म्हणून काम करते, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले असू शकते, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे. तुमच्या आईंचे म्हणणे आपल्याकडच्या अनुभवाला धरून आहे. मुंबईत बी.एस्सी. नर्सिंग करून मी वॉर्डात उभी राहिले तेव्हा माझेही काम डॉक्टरांनी लिहिलेले पार पाडण्याचेच होते. येथे मात्र नर्सिंगच्या पदवीनंतर पदव्युत्तर किंवा डॉक्टरेटचे शिक्षण, राष्ट्रीय परीक्षा आणि राज्याचा स्वतंत्र परवाना, इतके झाल्यावरच ही पदवी लावता येते आणि मग रुग्ण तपासणे, चाचण्या सांगणे, निदान करणे व औषध लिहिणे ही सारी कामे तिच्या अधिकारात येतात. ही वाट १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून सुरू केली, कारण अनेक भागांतील मुलांना डॉक्टरच मिळत नव्हते. तुम्ही आज ज्या अडचणीत आहात, तिच्यातूनच हा व्यवसाय जन्माला आला आहे.

नावापुढची अक्षरे नीट पाहा. एफएनपी म्हणजे फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर; एफएनपी-सी आणि एफएनपी-बीसी या दोन वेगवेगळ्या संस्थांच्या परीक्षा आहेत आणि दोन्ही सारख्याच ग्राह्य मानल्या जातात. "फॅमिली" हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण तान्ह्या बाळापासून आजी-आजोबांपर्यंत सर्वांना पाहण्याचे प्रशिक्षण त्यात असते. त्याऐवजी "ॲडल्ट-जेरोंटॉलॉजी" (म्हणजे फक्त प्रौढ आणि वृद्ध) असे लिहिले असेल, तर मुलीसाठी दुसरीकडे जावे लागेल. परवाना चालू आहे का आणि कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे टेक्सास बोर्ड ऑफ नर्सिंगच्या संकेतस्थळावर पाहता येते.

राज्याराज्यांतील नियमांत मोठा फरक आहे. येथे मी डॉक्टरांशी कोणताही करार न करता स्वतंत्रपणे रुग्ण पाहते, पण टेक्सासमध्ये औषधे लिहिण्यासाठी डॉक्टरांशी लेखी करार असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते डॉक्टर त्याच दवाखान्यात बसतात असे मात्र गृहीत धरू नका, फोनवर सरळ विचारून घ्या.

आता तुमच्या गोळ्यांविषयी, कारण मला खरी काळजी त्यांची वाटते. व्हिल्डाग्लिप्टिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता नाही, त्यामुळे डॉक्टर असोत वा नर्स प्रॅक्टिशनर, येथील औषधाच्या दुकानातून ते तुम्हाला कोणीही मिळवून देऊ शकणार नाही. त्याच गटातले सिटाग्लिप्टिन येथे मिळते, पण तेच द्यायचे की दुसरे काही, हे तुमचे मूत्रपिंडाचे आकडे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) आणि विमा कंपनीची औषधांची यादी पाहून ठरेल. हा बदल शेवटची पट्टी संपण्याआधी व्हायला हवा आणि मे महिना त्यासाठी फार लांब आहे. जाताना पट्टी सोबत न्या. येथील संगणकात आपली ब्रँडनावे सापडत नाहीत, परंतु पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत मूळ औषधांची नावे आणि ५०/५०० असे मिलिग्रॅमचे आकडे छापलेले असतात, ते पाहिले की समोरच्या व्यक्तीला लगेच उलगडा होतो. पुण्याचे जुने अहवालही न्यावेत.

डॅलसवासी_२००९

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला जिना चढताना धाप लागू लागली. आमच्या दवाखान्यातील नर्स प्रॅक्टिशनर नुकत्याच शिकून बाहेर पडल्या होत्या. त्यांनी दोन भेटींत हा मानसिक ताण असल्याचे सांगितले आणि तिसऱ्या भेटीत आम्ही आग्रह धरला तेव्हा रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ७, म्हणजे फारच कमी, निघाले. त्या संध्याकाळी अहवाल हातात घेऊन आम्ही दोघे स्वयंपाकघरात उभे होतो, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. अशी चूक डॉक्टरांकडूनही होऊ शकते, हे मी जाणतो. तरीही वैद्यकीय पदवीनंतर फॅमिली मेडिसिनच्या डॉक्टरला तीन वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयात देखरेखीखाली प्रत्यक्ष प्रशिक्षण) करावी लागते आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास पूर्वी ५०० होते, ते २०२२ च्या मानकांत ७५० झाले. हे अंतर नाकारता येत नाही. म्हणून परवान्याइतकीच अनुभवाची वर्षे विचारा आणि दोन भेटींत गुण आला नाही तर प्रकरण डॉक्टरांकडे कसे जाते, हेही विचारा.

सिएटलची_परिचारिका

दादा, वहिनींच्या बाबतीत जे झाले ते व्हायला नको होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. धाप लागते म्हणून आलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन पहिल्याच भेटीत पाहायला हवे होते. तासांचा मुद्दाही खरा आहे. पदवीपूर्वी अनेक वर्षे रुग्णालयात काढलेली नर्स आणि सरळ अभ्यासक्रम संपवून आलेली नर्स यांच्यात पहिल्या दोन-तीन वर्षांत फरक जाणवतो. दुसरीकडे, न्यूयॉर्कमध्ये १,३१६ रुग्णांची डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांच्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. मधुमेह, रक्तदाब, दमा अशा दुखण्यांत नियमित पाठपुरावा लागतो आणि तो आमच्याकडून चांगला होतो, असे मी अनुभवाने सांगते. निदानच लागत नसेल, तेव्हा मात्र वर पाठवण्यात आम्ही संकोच करता कामा नये.

राउंडरॉककर, पत्नीलाही सोबत न्या. वजन जास्त असलेल्या व्यक्तीला जोखमीचे आणखी एखादे कारण असेल, तर मधुमेहाची तपासणी करावी, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते, आणि त्यासाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) मर्यादा इतरांसाठी २५ असली तरी आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३ आहे. हे न सांगता ज्यांना ठाऊक असेल, त्यांच्याकडे निर्धास्तपणे नाव नोंदवा.

हिशेबनीस

विम्याविषयी थोडे सांगतो. तुमची योजना एचएमओ (ठरावीक डॉक्टर-दवाखान्यांच्या जाळ्यातूनच उपचार देणारी) असेल, तर कार्डावर प्राथमिक सेवा देणाऱ्याचे नाव नोंदवावे लागते. तेथे नर्स प्रॅक्टिशनरचे नाव चालते का, हे दवाखान्याला नव्हे तर विमा कंपनीला विचारा. दुसरे असे की, वार्षिक प्रतिबंधात्मक तपासणी साधारणतः मोफत असली, तरी त्याच भेटीत मधुमेहाच्या गोळ्या बदलल्या तर त्याचे बिल वेगळे येऊ शकते. बिल पाहून दचकू नये म्हणून आधीच सांगून ठेवतो.

राउंडरॉककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज दुपारी दवाखान्यात फोन केला. त्या एफएनपी-सी आहेत, त्यापूर्वी अकरा वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका होत्या आणि करारातील डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस त्याच दवाखान्यात असतात. बोर्डाच्या संकेतस्थळावर परवाना स्वच्छ दिसला. विमा कंपनीनेही नाव नोंदवून घेतले आहे. गुरुवारी सकाळी सव्वानऊची वेळ मिळाली असून पत्नीची वेळ लगेच त्यानंतरची आहे. चार पट्ट्या आणि पुण्याचे अहवाल एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवले आहेत. आईला रात्री फोन करून हे सगळे सविस्तर सांगणार आहे.