मदत हवी आहे: धाकट्या बहिणीचा मायट्रल व्हॉल्व्ह – रिपेअर, मेटल की टिश्यू?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीच्या (वय 27) हृदयाची मायट्रल झडप (डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) लीक आहे, रिपोर्टवर 'सिव्हिअर' लिहिलंय. ऑपरेशन करायचंच, यावर दोन्ही सर्जनचं एकमत आहे. अडलंय ते कोणतं करायचं यावर. ज्यांच्या घरात कोणी यातून गेलंय किंवा जे स्वतः या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया वेळ काढून लिहावं.

नववीत असताना तिला घसा दुखून ताप आला, पाठोपाठ गुडघे-घोटे सुजले. रुमॅटिक फीव्हर निघाला, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणारा, हृदयाच्या झडपा खराब करू शकणारा आजार. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन बरीच वर्षं चालू होतं. लग्न होऊन सांगोला तालुक्यात गेली आणि ते सुटलं. आता पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागते. आडवं झालं की खोकला येतो, म्हणून दोन उशा भिंतीला लावून बसल्यासारखी झोपते.

इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डावा खालचा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा, 57 टक्के आहे आणि आकुंचन पावल्यावरही डाव्या खालच्या कप्प्याचं माप 42 मिमी. 57 ऐकून घरचे निर्धास्त झाले होते. सर्जननी समजावलं की लीक असताना बरंचसं रक्त मागे, कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात जातं, हृदयाला ते सोपं पडतं आणि आकडा फुगलेला दिसतो. म्हणून या आजारात टक्का 60 किंवा त्याहून खाली आला, अथवा ते माप 40 मिमीला पोचलं, की त्रास नसला तरी ऑपरेशनचा विचार करतात. हिला तर त्रासही आहे. तेव्हा 'थोडे दिवस गोळ्यांवर काढू' हा सल्ला कृपया देऊ नका.

आता मूळ पेच. तिला मूल हवंय.

मेटलचा व्हॉल्व्ह टिकायला सगळ्यात चांगला, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. मायट्रलच्या जागी मेटल असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा) साधारण 2.5 ते 3.5 मध्ये राहावा लागतो. गरोदरपणी ही गोळी, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळाला अपाय करू शकते. ती थांबवून रक्त पातळ ठेवणारी हेपॅरिनची इंजेक्शनं द्यावीत, तर व्हॉल्व्हवर गुठळी धरायची भीती वाढते. म्हणजे एकीकडे बाळ, एकीकडे आई. टिश्यू (प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या) व्हॉल्व्हला ही गोळी सहसा सुरुवातीचे काही महिनेच, पण तरुण वयात तो लवकर कडक होतो. चाळिशीच्या आसपास पुन्हा छाती उघडायची तयारी ठेवा असं सांगितलंय. तेव्हा मांडीच्या शिरेतून जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा बसवता येईल असंही एक सर्जन म्हणाले, पण सगळ्यांना ते जमतंच असं नाही.

राहिला रिपेअर. स्वतःचीच झडप राहते, वर आधाराला रिंग बसवतात. पण रुमॅटिकमध्ये पडदे जाड होऊन आखडलेले असतात, ते पडदे धरून ठेवणाऱ्या दोऱ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. एक सर्जन म्हणतात, 'उघडून बघू, जमलं तर करू.' दुसरे म्हणतात, थेट मेटल बसवा, पुन्हा कटकट नको. छाती न उघडता झडपेचे पडदे चिमटीत धरणाऱ्या क्लिपबद्दल नातेवाईक रोज फॉरवर्ड पाठवतात. अशा जाड, आखडलेल्या झडपेला ती सहसा चालत नाही, असं दोघांनीही सांगितलंय.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. 'मेटल की टिश्यू' हे तिच्या नवऱ्याला विचारलं गेलं, सासऱ्यांना विचारलं गेलं, मलाही विचारलं गेलं. ती शेजारच्याच खुर्चीत फाइल मांडीवर घेऊन बसली होती, तिला कोणी विचारलं नाही. छाती तिची, गर्भ तिचा. निर्णय तिचाच असला पाहिजे, आणि तो घेता यावा म्हणून तिच्यापुढे खरी माहिती ठेवायची आहे. हा धागा त्यासाठीच.

रुमॅटिक झडपेचा रिपेअर झालाय आणि तो बरीच वर्षं टिकलाय, असं कोणी आहे का? झडप रिपेअर होण्यासारखी आहे का, हे अन्ननलिकेतून केलेल्या इकोत आधी कितपत कळतं? मेटल व्हॉल्व्ह असताना बाळंतपण झालेल्या ताई असतील तर गोळीचं, इंजेक्शनांचं नेमकं कसं केलं? आयएनआरसाठी खेड्यातून तालुक्याला किती वेळा जावं लागतं? पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे या गोळीचा परिणाम कमी होतो म्हणतात, तर मेथी-पालक पूर्ण बंद की रोज सारख्या प्रमाणात चालतं?

खर्चाचंही सांगा. महात्मा फुले योजनेत व्हॉल्व्ह बदलणं बसतं हे कळलंय, पण ठरलं होतं रिपेअर आणि टेबलावर बदलावा लागला, तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागते का? मेटलमध्ये तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने विकसित केलेला व्हॉल्व्ह सुचवलाय. तो 1990 पासून वापरात आहे आणि आयात व्हॉल्व्हपेक्षा स्वस्त पडतो. कोणाला बसवलेला असेल तर अनुभव लिहा.

पेनिसिलिन पुन्हा सुरू केलंय, ऑपरेशननंतरही चालू ठेवायचंय. रुमॅटिक रिपेअर नेहमी करणारे सर्जन माहीत असतील तर नाव व्यनिने (खाजगी निरोपाने) कळवा. पुण्या-मुंबईत, सोलापुरात, कुठेही न्यायची तयारी आहे. तुमची उत्तरं मी तिला जशीच्या तशी वाचून दाखवणार आहे, तेव्हा वाईट अनुभवही लपवू नका.