नानांना गुदाशयाचा कॅन्सर निघालाय. आधी ऑपरेशन की आधी शेक (रेडिएशन)?

कापूसकोंडा (धागाकर्ता)
नाना म्हणजे माझे वडील, वय ६१. अमळनेर तालुक्यात कोरडवाहू कापूस. आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) शौचाला रक्त पडत होतं आणि गावाकडे त्याला एकच नाव, मूळव्याध. ठेचा बंद करा, ताक प्या, सुरण खा. एका मूळव्याध-भगंदरवाल्याकडे तीन इंजेक्शनंही झाली, पण सहा महिन्यांत कोणीही बोट घालून तपासलं नाही. मी पुण्यात. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "माले काही व्हयेल नही." दिवाळीला घरी गेलो तर पायजम्याची नाडी कमरेला दोन वेढे घेत होती. हिमोग्लोबिन ८.
कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) गुदद्वारापासून ६ सेंमीवर गाठ दिसली. तुकड्याचा (बायोप्सी) रिपोर्ट अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. आतापर्यंत फक्त सोनोग्राफी झालीय. सर्जन म्हणतात सोमवारी काढून टाकू, पण शौचासाठी पोटावर पिशवी कायमची. हे ऐकून नाना बिथरलेत. "पोटले पिशवी टांगीसन मी वावरमा कसा जावू?" असं म्हणून जेवण सोडून बसलेत.
सोमवारी करून टाकावं की दुसरा सल्ला घ्यावा? थांबलो तर पसरेल का? मुंबईला न्यायचं तर राहायचं कुठे?

धुळ्याची_ताई
भाऊ, आधी सोमवार रद्द करा. मी भांडत नाहीये त्या सर्जनशी, पण पेल्विसचा (ओटीपोटाचा) एमआरआय न करता गुदाशयाच्या गाठीला हात लावायचा नसतो. गाठ भिंतीत किती खोल गेलीय, आजूबाजूच्या गाठींत (लिम्फ नोड) शिरलीय का, गुदद्वाराच्या स्नायूपासून किती लांब आहे, हे सगळं एमआरआय सांगतो. छाती-पोटाचा सीटी लिव्हर आणि फुप्फुसांसाठी, त्यावर सोनोग्राफीने भागत नाही. रक्तात सीईए (कॅन्सरवर नजर ठेवायची तपासणी) करा. तुकडा ठेवलेल्या लॅबला एमएमआर तपासणी (पेशींची डीएनए-दुरुस्ती चालते का, ते) सांगा, त्यावरून कधीकधी औषधाची दिशाच बदलते.
मोठ्या आतड्याच्या गाठीला बहुतेक वेळा आधी ऑपरेशन. गुदाशयाचं गणित वेगळं. गाठ खोल गेली असेल तर आधी शेक, मग किमो, मग ऑपरेशन. शेक दोन प्रकारे देतात: पाच दिवसांचा छोटा कोर्स, किंवा पाच-साडेपाच आठवडे रोज, सोबत कॅपेसिटॅबिन या किमोच्या गोळ्या. गाठ आक्रसली की स्नायू वाचवून आतडं जोडता येण्याची शक्यता वाढते. काहींची गाठ शेक-किमोने पूर्ण विरते. अशांना ऑपरेशन न करता कडक देखरेखीखाली ठेवतात, पण ते ठरवणार गुदाशयाचं काम रोज करणारे डॉक्टर, तुम्ही-आम्ही नाही.
थांबण्याची भीती म्हणाल तर तपासण्यांना लागणाऱ्या आठ-दहा दिवसांनी बिघडत नाही. मात्र पोट फुगलं, गॅस-शौच बंद झालं, उलट्या सुरू झाल्या तर त्याच रात्री दवाखाना गाठा.

भुसावळ_लोकल
आमच्या मोठ्या भावांनी हेच दुखणं काढलंय म्हणून प्रवासाचं तेवढं सांगतो. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपरला पूर्ण सूट, सोबत्याला ७५ टक्के. दवाखान्याचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो. दादरला उतरा, परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल तिथून जवळ. पहिल्या दिवशी फक्त रिपोर्टचे कागद चालत नाहीत, तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि ब्लॉक (मेणातला तो ठोकळा) लॅबकडून मागून घ्या. आम्ही ब्लॉकसाठी जळगावला परत आलो होतो, तीन दिवस फुकट. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. टाटातल्या समाजसेवा विभागाला भेटा, चिठ्ठी तिथूनच मिळते.
पैशांचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) गाठा, पण भरती होण्याआधी. मंजुरी आधी लागते.

सातपुडा_७२
चोपड्याकडे एक जण झाडपाला देतो, कितीतरी लोक बरे झालेत. कापाकापीच्या आधी एकदा दाखवून बघा.

धुळ्याची_ताई
@सातपुडा_७२ त्या बऱ्या झालेल्यांपैकी एकाचा तुकड्याचा रिपोर्ट पाहिलाय का तुम्ही? नसेल तर इथे नको. सहा महिने ताक आणि सुरणातच गेलेत या माणसाचे.

केळीवाला_रावेर
मी स्वतः पिशवी वापरलीय, नानांना हे वाचून दाखवा. माझं आतडं खाली जोडलं आणि वर लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलं, त्या जोडाला आराम म्हणून. किमो संपल्यावर परत आत टाकलं. म्हणजे पिशवी नेहमीच कायमची नसते. सर्जनला सरळ विचारा, तात्पुरती की कायमची, आणि का?
बेस प्लेटचं (पोटाला चिकटवायची चकती) भोक तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. मी पहिल्यांदा अंदाजाने कापलं, भोकाभोवतीची चामडी सोलून निघाली. मग नर्सने मापाचं कार्ड दिलं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने सुटते. लहान आतड्याची असेल तर पाणी-मीठ फार जातं, उन्हात ओआरएस सोबत हवंच. पातळ होऊ लागलं की पिकलं केळं आणि मऊ भात, घट्ट येतं. आमच्याकडे केळ्याला तोटा नव्हता, म्हणून बरं.
आणि हो, मी बागेत जायचो. सैल बंडी घालून. घड उचलायला मात्र मनाई होती.

धुळ्याची_ताई
कापूसकोंडा, एक राहिलं. तुम्हा भावंडांनीही कोलोनोस्कोपी करून घ्यायची, वयाच्या चाळिशीला किंवा नानांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल ते. आतडं साफ करायला दोन लिटर पावडरचं पाणी पिण्याची ती रात्र सोडली तर त्रास नाही.

कापूसकोंडा
सगळ्यांचे आभार. सोमवार रद्द केला. सर्जन चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनीच एमआरआयची चिठ्ठी लिहून दिली. एमआरआय-सीटी मंगळवारी, ब्लॉक उद्या मिळेल, टाटाची नोंदणी पुढच्या आठवड्यात. मी बेचाळिशीचा आहे, म्हणजे ताईंच्या हिशोबाने माझीही वेळ झालीच.
रावेरच्या भाऊंची पोस्ट नानांना वाचून दाखवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, त्या माणसाची बाग किती एकराची शे?

केळीवाला_रावेर
सहा. पाठवा त्यांना, चहा पाजतो.