चेहऱ्यावरचा चावा आणि टाके
'कुत्रा चावल्यावर टाके घालायचेच नाहीत' असं सर्रास म्हटलं जातं, पण ते चेहऱ्याला सरसकट लागू पडत नाही. तिथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने संसर्ग तुलनेने कमी होतो. शिवाय ओठाची कड नीट जुळवली नाही तर ओठ कायमचा वाकडा दिसतो.

क्रम मात्र चुकवू नका. आधी साबण-पाण्याने १५ मिनिटं धुणं (तोंडाच्या आत नुसतं भरपूर पाणी), मग जखमेत रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) टोचणं, त्यानंतरच टाके. पूर्वी रेबीजची लस न घेतलेल्याचं नुसत्या लशीवर भागत नाही. तिचा परिणाम दिसायला आठवडाभर तरी लागतो, आणि चेहऱ्यापासून विषाणूला मेंदू जवळ! धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिकचंही डॉक्टरांना विचारा. गालावर खोल चावा असेल तर चेहऱ्याची नस (स्नायू हलवणारा मज्जातंतू) आणि लाळेची नळी तपासून घ्या, हे घाईत हमखास राहतं.