ज्युनिअरमधले ५० गोल म्हणजे एनएचएलचं तिकीट नव्हे

निळी_रेघ: काल इथे आइस हॉकीच्या गप्पांत एकाने लिहिलं, "ओएचएलमध्ये (कॅनडाची ज्युनिअर लीग) सीझनला ५० गोल मारणारा पोरगा एनएचएलमध्ये (सगळ्यात वरची प्रो लीग) ३० मारणारच, स्काउट लोक (खेळाडू हेरणारे) उगाच खुसपटं काढतात." वाचून डोकंच फिरलं. पावेल ब्रेंडल आठवतो का कोणाला? १९९८-९९ ला कॅलगरी हिटमेन या ज्युनिअर टीमकडून ७३ गोल, ड्राफ्टमध्ये (एनएचएल टीम नवी पोरं निवडतात तिथे) चौथा, आणि एनएचएलमध्ये ७८ मॅच मिळून ११. कोरी लॉकने ज्युनिअरला एका सीझनमध्ये ६३ मारले, वरती ९ मॅच, गोल शून्य. आकडा नका बघू, गोल झाला कसा ते बघा, किती पॉवर प्लेवर (समोरचा एक जण पेनल्टीवर बाहेर असताना), किती गोली नसलेल्या रिकाम्या नेटमध्ये, पोरगा १७ चा की २० चा. नेट दोन्हीकडे सहा बाय चार फुटांचंच, पण ज्युनिअरला स्लॉटमध्ये (नेटसमोरच्या जागेत) पास थांबवून, मान वर करून कोपरा निवडायला वेळ मिळतो. वरती पक (चकती) स्टिकच्या ब्लेडला लागेपर्यंत कोणीतरी अंगावर आलेलं असतं.

एरीवाला: सोयीची दोन नावं उचलली की झालं? डीब्रिंकॅटचं काय? ओएचएलच्या एरी टीमकडून सलग तीन सीझन ५१, ५१, ६५ गोल, तरी २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ३९ वा गेला, का तर उंची कमी. नंतर एनएचएलमध्ये शिकागोकडून दोन सीझनला ४१ मारले.

निळी_रेघ: पहिल्या ५१ च्या वेळी टीममध्ये मॅकडेविड (पुढे एनएचएलचा मोठा स्टार) होता, ते पण सांगा.

एरीवाला: आणि मॅकडेविड गेल्यावर परत ५१, मग ६५. अर्धंच का सांगता?

मास्कमागून: मी ज्युनिअर बी ला (ज्युनिअरची खालची पातळी) गोली होतो. आमच्या लीगमध्ये एकाचा स्लॅपशॉट (स्टिक मागे उचलून मारलेला फटका) जबरदस्त, पण मारायच्या आधी खांदा पडायचा, कुठे येणार ते आम्हा सगळ्यांना कळायचं. दुसरा एक बारकुडा होता, तो पक हातभर आत पायाजवळ ओढायचा आणि त्याच झटक्यात सोडायचा. मी अँगल धरून नीट उभा असायचो आणि अँगलच बदललेला असायचा. गोल पहिल्याचे जास्त होते, पण मला भीती दुसऱ्याची वाटायची. पुढे प्रो खेळला तो दुसराच.

डिसेंबरचा_बाप: वयाचं काढलंत म्हणून लिहितो. माझा मुलगा डिसेंबरअखेरचा. वयोगट जानेवारी ते डिसेंबर धरतात, म्हणून लहानपणापासून जानेवारीत जन्मलेल्या पोरांसोबत एकाच गटात, म्हणजे जवळपास वर्षाने मोठ्यांशी टक्कर. बाराव्या वर्षी ट्रायआउटला कोच म्हणाला हात चांगले आहेत पण अंगाने कमी पडतो. घरी येताना गाडीत एक शब्द बोलला नाही, बॅग आठवडाभर गॅरेजमध्ये तशीच ओली पडून होती. त्याच्या जागी घेतलेली पोरं जानेवारी-फेब्रुवारीची. तुमच्या त्या ५० गोलवाल्यांमध्ये असे किती असतील?

एरीवाला: दादा, याला शंभर टक्के सहमत. एनएचएलचा स्टार मॅथ्यूज बघा, जन्म १७ सप्टेंबर १९९७, ड्राफ्टची कट-ऑफ १५ सप्टेंबर. दोन दिवसांसाठी एक वर्ष थांबला, २०१६ ला पहिला गेला.

निळी_रेघ: मॅथ्यूज ओएचएलसारख्या लीगमध्ये खेळलाच नाही, ते वर्ष स्वित्झर्लंडला मोठ्या माणसांत खेळला. विषय भरकटतोय.

डिसेंबरचा_बाप: भरकटत नाहीये! तुम्हीच विचारलंत ना पोरगा १७ चा की २० चा? मग १२ व्या वर्षाचे ११ महिने मोजायला काय हरकत आहे? ज्याचं पोर वगळलं जातं त्याला विचारा.

निळी_रेघ: आवाज चढवू नका, तुमच्या मुलाबद्दल मी काहीच बोललो नाही.

रीजायना_७१: बेडार्डचं बोला की कोणीतरी. ज्युनिअरला रीजायनाकडून ५७ मॅचमध्ये ७१ गोल, आणि एनएचएलमध्ये शिकागोला पहिल्या सीझनला ६८ मॅचमध्ये २२. बेडार्डसारख्या पोराचे इतके उतरतात, मग बाकीच्यांचं काय.

एरीवाला: तेव्हा १८ वर्षांचा होता आणि टीम तळाला होती! पण ठीक आहे, नुसत्या आकड्यावर ३० ची गॅरंटी देता येत नाही, एवढं मानतो.

निळी_रेघ: मग मीही मानतो, डीब्रिंकॅटच्या वेळी स्काउट उंचीतच अडकले. आणि डिसेंबरचे बाबा, जन्मतारीख मी खरंच कधी बघितली नव्हती. मुलगा अजून खेळतो का?

डिसेंबरचा_बाप: खेळतो. आता १६ चा आहे, तिसऱ्या लाइनवर (फॉरवर्डच्या तिसऱ्या तुकडीत).